तेवीस वाव पाणी, जमिनीवर

आदरणीय दाजींना,

वाकून नमस्कार. (कंबर धरल्यामुळे गेले आठ दिवस मी वाकलेलाच आहे, तेव्हा या नमस्काराला वेगळे कष्ट पडलेले नाहीत.) तुमची प्रकृती, ताईचे गुडघे आणि मुलांच्या परीक्षा, तिन्ही ठीक असावीत. आमच्याकडे सगळे खुशाल आहेत. आई खुशाल आहे, ही खुशाल आहे, होडी कालच दुरुस्त होऊन पाण्यात उतरली, म्हणून तीही खुशाल आहे, आणि आबा तर इतके खुशाल आहेत की त्यांच्याकडे बघवत नाही. तुम्ही दोनदा फोन करून यंत्र कसं चाललंय ते विचारलंत आणि दोन्ही वेळा मी छान म्हणालो. जावयाने दिलेल्या वस्तूबद्दल फोनवर दुसरं काही बोलता येत नाही. आई शेजारीच उभी असते. म्हणून हे पत्र.

आधी आभार मानतो, म्हणजे ते मागे राहायला नकोत. स्वतःच्या सुट्टीतले दोन दिवस मोडून तुम्ही मासे शोधायचं ते सोनार यंत्र घेऊन आलात आणि स्वतःच्या हाताने आमच्या होडीवर बसवलंत. यंत्र पाण्यात आवाज सोडतं, तो तळाला आपटून परत येतो, मध्ये मासा असला तर त्याला आपटून लवकर येतो, हे तुम्ही आम्हाला कागदावर चित्र काढून समजावलंत. एक वाव म्हणजे ताणलेल्या दोन हातांएवढं अंतर, हेही समजावलंत. (मी हे अंतर चालायला लागल्यापासून मोजतो आहे, पण चित्र सुरेख होतं.) मग भोक पाडायची वेळ आली. तुम्हाला आठवत असेल, पाण्यात राहणारा तो काळा ठोकळा साबणाच्या वडीएवढा होता, त्याची तार सुतळीएवढी होती, पण तारेच्या टोकाचा प्लग चांगला लिंबाएवढा होता. होडी आबांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेली, म्हणून भोक लहान पाडा असं मी सुचवलं. तुम्ही लहान पाडलंत. त्यातून प्लग जाईना. दुसऱ्या कोणी भोक मोठं केलं असतं. तुम्ही प्लग कापलात, तार आत ओवलीत आणि आतल्या बाजूला प्लग पुन्हा जोडून वर काळी पट्टी गुंडाळलीत. आमच्या घरात तुम्हाला "दाजी, असं नका करू" म्हणायची पद्धत नाही. लांब्याने तोंड उघडलं होतं. (लांब्या म्हणजे आमचा वीस वर्षांपासूनचा जुना खलाशी, तुम्ही त्याला दोन्ही दिवस 'अहो उंच गृहस्थ' म्हणत होतात.) मी त्याला डोळ्यांनी गप्प केलं. तार कधीही कापू नये, असं यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत चौथ्या पानावर काळ्या चौकटीत छापलेलं आहे, हे मला परवा दुरुस्तीवाल्याकडून कळलं. पुस्तिका तुम्ही चुकून बरोबर घेऊन गेला आहात. सवडीने चौथं पान बघावं.

यंत्र सुरू केलंत तेव्हा होडी धक्क्याच्या मागच्या आवारात लाकडी टेकूंवर उभी होती, हा मुद्दा पुढे महत्त्वाचा आहे. पडदा उजळला. निळं पाणी आलं, खाली तपकिरी तळ आला, कोपऱ्यात तेवीस वाव असा आकडा आला आणि उजवीकडून माशांचा एक थवाच्या थवा पोहत आला. तुम्ही टाळी वाजवलीत. मीही वाजवली. आबा शिडीवरून वर चढून आले, चष्मा लावून पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि त्यांनी विचारलं, "हे मासे कुठायत?"

"खाली, आबा," तुम्ही म्हणालात.

आबा कठड्यावर वाकले. खाली सिमेंटची फरशी होती आणि होडीच्या सावलीत एक कुत्रा झोपलेला होता. "बरं," आबा म्हणाले. खुंटीवरची आपली दोरी आणि शिशाचा गोळा त्यांनी उतरवून घेतला, शिडी उतरले आणि घरी गेले. मला वाटलं, म्हातारा रुसला. तुम्ही म्हणालात, नवीन गोष्ट पचायला वेळ लागतो. तसे तुम्ही समजूतदार आहात.

त्या शिशाच्या गोळ्याबद्दल दोन शब्द लिहितो, कारण तुम्ही त्याला 'तो लोंबकळणारा वजनकाटा' म्हणाला होतात. दोरीला दर वावावर गाठी मारलेल्या असतात आणि गोळ्याच्या बुडाला खळगा असतो. त्या खळग्यात आबा ओला साबण भरतात आणि गोळा तळाला टेकवतात. वर ओढला की साबणाला वाळू चिकटलेली असते, नाहीतर चिखल, नाहीतर शिंपल्यांचा चुरा. आबा तो चुरा बोटावर घेतात, वास घेतात, कधी जिभेला लावतात (आई म्हणते, म्हणूनच यांना तिच्या हातचं काही चविष्ट लागत नाही) आणि मग सांगतात की इथे टाका किंवा इथून निघा. सांगतात म्हणजे ओरडतात. मी पन्नाशीला आलो, दोन नातवंडांचा आजोबा झालो, पण होडीवर माझं नाव अजून 'अरे ए' आहे. सुकाणू डावीकडे, अरे ए. जाळं आवळ, अरे ए. चाळीस वर्षं.

तर दुसऱ्या दिवसापासून आबा आलेच नाहीत आणि आम्ही यंत्रावर निघालो. दाजी, इतके मासे मी जन्मात पाहिले नव्हते. जाऊ तिकडे मासे. धक्का सोडला की मासे, खाडीच्या तोंडाशी मासे, उघड्या समुद्रात मासे. जाळं टाकावं, वर ओढावं, त्यात पालापाचोळा आणि एखादा वाट चुकलेला खेकडा. पडद्यावर मासे तसेच. मला वाटलं, जाळ्याचीच भोकं मोठी आहेत; दोन दिवस बसून नवं जाळं जोडलं. मग वाटलं, आपण उशिरा टाकतो. मग वाटलं, लवकर टाकतो. एक मोठा जाडजूड मासा दर चार मिनिटांनी उजवीकडून ऐटीत यायचा, बाकीचे बारीक मासे त्याला वाट करून द्यायचे आणि तो कधीच कशातही सापडायचा नाही. लांब्याने त्याचं नाव 'जावईबापू' ठेवलं. (मी त्याला लगेच ताकीद दिली. म्हणजे हसून झाल्यावर.) तीन आठवडे असे काढले. वाईट याचं वाटतं की पहिल्या आठवड्यात मी मोठ्या मनाने आजूबाजूच्या होड्यांनाही हाका मारून बोलावत होतो, की इकडे या, खाली खच पडलाय. शेजारधर्म म्हणून ते आलेही. आता मी नुसता हात वर केला तरी इंजिन वळवून दुसरीकडे जातात.

मागच्या मंगळवारी दिवसाउजेडी, स्वच्छ हवेत, पडद्यावर एकोणीस वाव पाणी असताना होडी वाळूच्या दांड्यावर चढली. चढली म्हणजे थांबलीच. लांब्याने कठड्यावरून पाय खाली सोडला आणि तो तसाच सरळ उभा राहिला. पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंतसुद्धा नव्हतं. आम्ही ढकलत होतो, ओरडत होतो, एवढ्यात मागून मिशाळची होडी आली. मिशाळ तुम्हाला ठाऊक आहे, तुमच्या लग्नात पंगतीत मिशा वर बांधून जेवला होता तो. पंधरा वर्षं तो आमच्या मागे मागे फिरतो आहे, आबा कुठे जाळं टाकायला सांगतात ते बघायला. त्याची होडी मासळीने काठोकाठ भरलेली होती. आणि पुढे, होडीच्या टोकाशी नाळेवर, मांडीवर शिशाचा गोळा घेऊन आमचे आबा बसले होते.

तीन आठवडे आबा न्याहारी करून बाहेर पडायचे. आम्हाला वाटायचं, देवळाच्या पारावर बसत असतील. ते मिशाळकडे बसत होते.

आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "लांब्या," ते म्हणाले, "पाणी किती?"

"गुडघ्याखाली, आबा."

"आणि आतमध्ये किती?"

वडिलांनी विचारलं की उत्तर द्यायचं, असं आमचं वळण आहे. मी आत वाकून बघितलं आणि सांगितलं, "एकोणीस वाव."

"मासे?"

"आहेत."

"मग टाक की जाळं," आबा म्हणाले.

मिशाळ हसला नाही, हे त्याच्याबद्दल सांगायला हवं. तो फक्त मिशीवरून हात फिरवत राहिला. त्याच्याच दोराने आम्ही निघालो आणि निघताना माझी कंबर गेली. बाजारातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याने परवा यंत्र एका मिनिटात तपासलं. तो म्हणाला, तार तुटकी असल्यामुळे यंत्राला खालचा ठोकळा लागलेलाच कळला नाही, म्हणून ते आपोआप डेमोवर गेलं. डेमो म्हणजे दुकानात गिऱ्हाइकाला दाखवायचं चित्र. ते पाणी खोटं, तो तळ खोटा, ते मासे कारखान्यात काढलेले. जावईबापूही कारखान्यातलेच. त्याने नवा ठोकळा, नवी तार लावून दिली (मोठं भोक पाडून), आणि आता यंत्र अगदी खरं बोलतं. सात वाव म्हणतं तिथे सातच असतात. पण तळाला चिखल आहे की शिंपले, आणि या हवेत मासा तिथे चरायला येईल की नाही, ते त्याला सांगता येत नाही. त्याला जीभ नाही.

आबा रात्री घरी जेवतात, भाजीला मीठ कमी आहे म्हणतात, नातवंडांना खेळवतात. समुद्राचा विषय माझ्याशी काढत नाहीत. मी एकदा विचारलं, तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं, तर बोलला का नाहीत? ते म्हणाले, "मला कोणी विचारलं?" आणि ताट घेऊन उठले. सकाळी मिशाळची हाक येते, "आबा, चला हो." अहो-जाहो करतो तो. आबाही त्याला नावाने हाक मारतात. मी खिडकीतून ऐकतो. दाजी, यंत्राने माझे मासे नेले याचं एवढं नाही. होडीवर कोणी 'अरे ए' म्हणत नाही आणि दिवस संपता संपत नाही.

वडीलधाऱ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि तुमच्या हातातल्या पकडीला काही काळ विश्रांती मिळो.

तुमचा मेहुणा

ता. क. पत्र ताईला वाचून दाखवू नये. ती लगेच आबांना फोन करील आणि मग आबा हट्टाला पेटून मिशाळकडे राहायलाही जातील.

ता. क. २. खरं काम लिहायचं राहिलं. तुम्ही आणलं होतंत अगदी तसंच दुसरं यंत्र घेऊन एकदा सवड काढून या आणि मिशाळच्या होडीवर आपल्या हाताने बसवून द्या. आमच्या आबांना सांभाळलंत म्हणून जावयाची भेट, असं म्हणा. भोक लहानच पाडा. प्लग तुम्हाला योग्य वाटेल तसा जोडा. राहायची, जेवायची सोय आमच्याकडे. त्याच्या होडीवरून आबा उतरले की त्यांना बसायला आमचीच होडी उरते.

ता. क. ३. यंत्र आलं म्हणून मिशाळ आबांना कशाला उतरवेल, असं तुम्ही विचाराल. तर तुम्ही पट्टी गुंडाळत होतात, तेव्हा शिडीशी उभं राहून मी आबांना म्हणालो होतो की आता बोलायची गरज उरली नाही, उद्यापासून घरी आराम करा. ते वरच्या मजकुरात लिहायचं राहून गेलं. यंत्र हाताशी आलं की तसं म्हणावंसं वाटतं. मिशाळही म्हणेल.