सॉकेटमधली लाट

३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मी ठीक आहे, पण या जागेची किळस आली आहे. बॅटरीच्या एकाच दिशेच्या विजेची घरात लागते तशी उलटसुलट वाहणारी वीज करणारं सर्किट मी आठ महिने जिवाचं रान करून बनवलं. त्यातली तांब्याची जाडजूड गुंडाळी विजेची लाट गुळगुळीत करते. साहेबांनी नेमकी तीच काढून टाकली. इन्व्हर्टरची पेटी हलकी हवी म्हणे! आता तपासणी यंत्राच्या पडद्यावरची लाट जिन्यासारखी दिसते. तर या गृहस्थांनी तपासणीची वायर भिंतीतल्या सॉकेटला लावली, तिथल्या सुरेख लाटेचा फोटो काढला आणि आमची म्हणून अहवालात डकवला. सगळे दात काढत होते. त्याखाली सही माझी हवी आहे. करू का?

आईचा श्वास कसा आहे ते कळव.

तुझी,
ठिणगी

९ मार्च

चि. ठिणगीस,
अ. आ.

लहानपणी दुधावर साय दिसली तरी तू घर डोक्यावर घ्यायचीस! अगं, दिवे लागले, पंखे फिरले की लोक खूश. नोकरीवर पाणी सोडू नकोस, मुकाट्याने सही कर. आईला आता दिवसभर ऑक्सिजनचं यंत्र लागतं आणि वीज सारखी जाते, म्हणून तुमचीच नवी पेटी दुकानात सांगून ठेवली आहे. लेकीने बनवलेली म्हणून आई भेटेल त्याला सांगत सुटली आहे.

माया आहेच, पत्राने ती ताजी ठेव.

दादा

१४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पेटी घेऊ नकोस! पंखा नुसता घुरघुरेल, पण आईच्या यंत्राची मोटर त्या विजेवर तापून बंद पडेल. सोबत दोन्ही लाटा काढून पाठवते आहे. आईचा श्वास यातल्या कोणत्या लाटेवर सोडायचा, तूच सांग.

ठिणगी

१९ मार्च

चि. ठिणगीस,
अ. आ.

पेटी आली होती, न उघडताच परत केली. त्या दुकानदाराचं तोंड बघवेना, आणि सही कर म्हणणारं माझं तर त्याहून नाही. तू सही करू नकोस. नोकरी गेली तर जाऊ दे, घर तुझंच आहे. लेकीची पेटी परत केली म्हणून आई मात्र माझ्याशी बोलत नाही.

दादा

२४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं ‘सही कर’ आलं, त्याच दुपारी मी सही केली. मागच्या पत्रात सांगायची लाज वाटली. आज राजीनामा दिला. साहेबांनी त्यावरच चहाचा कप ठेवला.

चारशे पेट्या गेल्या, आपली तेवढी परत आली. बाकीच्या कोणाच्या उशाशी आहेत, कोण जाणे. त्यांनाही लिहायला बसले होते, पण दादा, माझ्याकडे एकाही घराचा पत्ता नाही.

आशीर्वाद मागत नाही, राग तरी असू दे.

ठिणगी