हिरीच्या उशाशी हळदीची गाणी

१९ नोव्हेंबर १९७४, मंगळवार

झालं! आमच्या तळेगावच्या दवाखान्यात डायलिसिस झालं. पुण्याला न्यावं लागलं नाही. मुंबईहून आलेल्या नव्या डॉक्टरांनी नळी घातली, आणि हाताशी सिस्टर म्हणून मी होते. मी — वराळ्याची रतन! घरी येऊन आईला सांगितलं तर म्हणाली, आधी जेवून घे.

पेशंट हिरी. वडिवळ्याच्या वरच्या ठाकरवाडीतली, वीस वर्षांचीसुद्धा नसेल. भात कापताना घोणस चावली. इंजेक्शनांनी जीव वाचला, पण मूत्रपिंडं बंद पडली. लघवीचा थेंब नाही. म्हणून पोटात नळीवाटे बाटलीतलं पाणी सोडायचं, काही वेळ ठेवायचं, मग खाली काढून घ्यायचं. रक्तातली घाण त्याबरोबर येते. मूत्रपिंडं जागी होईपर्यंत हेच. डॉक्टर म्हणतात, होतील. कधी, ते सांगत नाहीत.

२० नोव्हेंबर, बुधवार

हिरीने नळी ओढली. पाणी आत जाताना पोट तटतटतं, बाहेर येताना आतून पीळ पडतो. पोरगी गुरासारखी ओरडते. मेट्रनबाईंनी हात खाटेला बांधायला सांगितले. बांधले मीच.

तिची सासू बायामावशी दारातून बघत होती. म्हणाली, "सोडा तिला. मरायचं तं घरी मरंल."

२१ नोव्हेंबर, गुरुवार

आज काय झालं ते नीट लिहून ठेवते.

पाणी बाहेर काढताना हिरी डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. कण्हणं नव्हतं ते, चाल होती! मी मावशीकडे पाहिलं. तिने तोंड फिरवलं. मग कळलं — हळदीचं गाणं ते. आसपासच्या सगळ्या वाड्यांत लग्न निघालं की गायला बायामावशीलाच बोलावतात. हिरीला हळद लागली तेव्हाही हीच गायली होती.

म्हटलं, म्हणा ना. तर नाही म्हणाली. लग्नाची गाणी आजाऱ्यापाशी म्हणत नाहीत, वाईट असतं. मी म्हटलं, "मावशी, तीच म्हणतेय. तुम्ही नुसती साथ द्या."

दुसरी बाटली लावली. हिरी कळवळली, तशी मावशी खाटेशी खाली बसली आणि सुरू झाली —

हळद कुटं गं पिकली, डोंगराच्या आडाला
नवरी कुटं गं लपली, करवंदीच्या जाळीला

आवाज जाडा, पण काय सरळ जातो! हिरीच्या मुठी सुटल्या. मी कुणालाही न विचारता तिच्या हातांना बांधलेलं बँडेज सोडलं. नळीकडे हात गेला नाही.

मेट्रनबाई आल्या. वाटलं, संपलं. त्या उभ्या राहिल्या, पूर्ण गाणं ऐकलं आणि निघून गेल्या. डॉक्टरांनी नाडी पाहिली. म्हणाले, प्रत्येक बाटलीला हे चालू दे.

सुचलं मला होतं. दुसऱ्या कुणाला नाही सांगणार, इथे लिहिते.

२३ नोव्हेंबर, शनिवार

मावशी आता नवऱ्याकडच्यांना चिडवायची गाणी म्हणते. म्हणजे स्वतःच्याच घराला! हिरी हसली. नळी हलली, मी रागावले, मग मीही हसले.

तिला विचारलं, दुखायचं थांबलं का गं? म्हणाली, "न्हाई. दुखतं. पन गानं सरंस्तवर कळ काढते."

२५ नोव्हेंबर, सोमवार

ताप. लघवी नाहीच. डॉक्टर माझ्याशी नजर मिळवत नाहीत. आणखी किती दिवस नळी ठेवता येईल, त्यांनाही ठाऊक नाही.

दुपारी वाडीची चार माणसं डोली घेऊन आली. हिरीला न्यायलाच. बायामावशीचा दीर पुढे. म्हणाला, लय झालं, घरी नेऊ. मला वाटलं, मावशीही उठेल. उठली — पण व्हरांड्यात जाऊन डोलीच्या आडवी उभी राहिली.

"माजी गानी सरली न्हाईत आजून. जावा तुमी."

डोली रिकामी गेली. मावशी आत आली, पदराने तोंड पुसलं आणि मला म्हणाली, लाव बाय बाटली. घसा बसला होता. तशीच गायली. हिरीच्या खाटेजवळ नर्स म्हणून उभं राहताना मला मान ताठ झाल्यासारखी वाटली.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी हिरीला लघवी झाली. वाटीभर! डॉक्टर स्वतः ते भांडं हातात घेऊन, वरातीतल्यासारखे, वॉर्डभर दाखवत हिंडले.