आमेन कोण म्हणालं?

प्रिय ताई,

घशाच्या ऑपरेशननंतर माझा आवाज गेला, तेव्हा तू म्हणाली होतीस, "प्रभूनं दिला होता, तोच परत देईल." मी तुझ्यावर चिडले, पण शिलाई मशीनवर बसून रोज मागत राहिले. गिऱ्हाइकांशी पाटीवर लिहून बोलत होते.

अगं, त्यानं दिला! आज चर्चमध्ये प्रार्थना संपली आणि माझ्या तोंडून मोठ्यानं "आमेन" निघालं. सगळ्यांनी वळून माझ्या नवऱ्याकडे पाहिलं! ब्लाऊज शिवायला टाकावा आणि हाती शर्ट यावा, तसं झालंय. आवाज थेट दाजींसारखा. पाळकांनी मला गायकवृंदात पुरुषांच्या रांगेत उभं केलं. ताई, मी पोटभर गायले.

आता यापुढे पत्रं कशाला? हे पोचलं की फोनच करते. पुरुषाचा आवाज आला म्हणून ठेवू नकोस. ती मीच,

तुझी चिमणी