न टेकलेल्या चुंबकाचे वजन

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, पदार्थविज्ञानाची निवृत्त अध्यापिका, आज सकाळी चहा घेऊन, चष्मा पुसून, स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे डॉक्टर एके काळी माझे विद्यार्थी होते आणि विद्युतप्रवाहाच्या प्रकरणात मी त्यांना दोनदा नापास केले होते, तेव्हा दाखला भिडेखातर मिळाला असे कोणी म्हणू नये. माझ्यावर कोणाचा दबाव नाही, मला कोणी गळ घातलेली नाही. सर्वांची पूर्ण नावे आणि पत्ते वकिलांनी वेगळ्या पानावर टंकून घेतले आहेत, ते पान याचाच भाग समजावे. इथे मी माणसांना ज्या नात्याने ओळखते त्याच नात्याने लिहीन. माझे पती हयात असताना केलेले मृत्युपत्र आजपासून रद्द.

कलम १. दुसऱ्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे राहते घर, सामानसुमानासह, माझ्या एकुलत्या एक लेकीला मिळावे. तिने ते विकावे, भाड्याने द्यावे, काय वाटेल ते करावे. एकच विनंती आहे. स्वयंपाकघरातले दिव्याचे बटण उलटे बसले आहे, वर केले की दिवा लागतो. अपघातानंतर तिच्या वडिलांनी एका हाताने केलेले ते पहिले काम. ती राहील तोवर ते सुलटे करू नये.

कलम २. बँकेतल्या ठेवींचा अर्धा भाग लेकीला. उरलेला अर्धा, खांबावर चढून काम शिकणाऱ्या तारतंत्र्यांच्या शाळेला, केवळ रबरी हातमोजे घेण्यासाठी. हातमोजे दरवर्षी नवे घ्यावेत. फाटक्या मोज्यांना ठिगळ लावून त्या पैशातून कार्यालयाला रंग दिला तर लेकीने जाऊन भांडावे. भांडण तिला जमते.

कलम ३. खिडकीजवळची लाकडी खुर्ची माझ्या थोरल्या भावाला, म्हणजे दादाला. ती त्याला का, हे सांगायचे तर माझे लग्न कसे झाले ते सांगावे लागेल.

मी पहिल्या वर्षाला शिकत असताना आमच्या बाईंनी टेबलावर एक होकायंत्र ठेवले, त्याच्यावरून एक साधी तार ताणली आणि खटका दाबला. सुई वळली. तारेने तिला स्पर्श केला नव्हता. मी बाकावरून उठले आणि टेबलाखाली वाकून पाहिले, कोणी दोरा ओढतो आहे का. सगळा वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "बघ, नीट बघून घे. मीही अजून बघतेच आहे." त्या दिवशी मी काय होणार ते ठरले.

पुढे मी त्याच महाविद्यालयात शिकवू लागले. नोकरीच्या पहिल्याच वर्षी प्रयोगशाळेतली वीज गेली आणि ती जोडायला वीज कंपनीचा एक लाईनमन आला. खांदे रुंद, बोलणे कमी. मी बॅटरीवर तोच सुईचा प्रयोग मांडत होते. तो शिडीवरून खाली उतरला आणि बघत उभा राहिला.

"बाई, पुन्हा करा," तो म्हणाला.

मी केला.

"अजून एकदा."

असे पाच वेळा झाले. मग तो म्हणाला, "आठ वर्षं मी या तारांना लोंबकळतोय. त्यांच्या आजूबाजूलाही काही असतं, हे मला कुणी सांगितलंच नाही."

मी तोवर जवळजवळ शंभर विद्यार्थ्यांना तो प्रयोग दाखवला होता. पुन्हा करा म्हणणारा हा पहिला. वर्षभराने मी त्यांच्याशी लग्न केले.

दादा म्हणाला, "शिकलीसवरलेली पोरगी तू, आणि खांबावर चढणारा माणूस निवडलास? तुझ्या घरी येऊन मी बसायचं तरी कुणाशेजारी?" आणि खरोखरच सोळा वर्षे तो आला नाही. खुर्ची ह्यांनी मुद्दाम त्याच्यासाठी आणली होती. दिवाणावर पाहुणे दाटीवाटीने बसत, ती रिकामी राही. अपघातानंतर दादा एकदा आला, उंबऱ्यापाशी उभ्याउभ्या म्हणाला, "चला, आता खांबावर चढणं तरी सुटलं," आणि गेला. त्याला वाईट बोलायचे नसावे. त्याला बोलता येत नाही. पण मी ते वाक्य तीस वर्षे जपून ठेवले आहे. दादा, ही खुर्ची तुझ्या घरी येईल. तिच्यावर बस. एवढेच.

कलम ४. अपघाताबद्दल. मी त्रेचाळीस वर्षांची होते, लेक चौदाची. दुपारची वेळ होती. विजेची वाहिनी बंद राहील असे सांगून ह्यांना वर चढवले, आणि खाली कोणीतरी, न विचारता, ती चालू केली. ह्यांचा डावा हात कोपराखाली कापावा लागला. त्या माणसाचे नाव मला माहीत आहे. त्याने दवाखान्यात येऊन ह्यांचे पाय धरले, ह्यांनी त्याला उठवले आणि पाणी दिले. मी दिले नसते. त्याच्याविषयी माझ्या मनात जे काही आजवर राहिले आहे, ते मी कोणाच्याही नावे करीत नाही. लेकीला त्यातला वाटा नाही. ते माझ्यापाशी संपावे.

कलम ५. आता माझी उपकरणे. हे कलम लांब होणार आहे, वकीलसाहेबांनी सांभाळून घ्यावे.

दीड महिन्याच्या रजेनंतर मी वर्गात परतले तेव्हा प्रकरण नेमके प्रवर्तनाचे होते. चुंबक हलला की जवळच्या धातूत वीज जन्मते, ते. मी फळ्यावर शीर्षक लिहिले, "तारेतून जेव्हा प्रवाह" इथवर बोलले, आणि पुढचा शब्द तोंडातून बाहेर येईना. मला तार दिसत होती आणि ह्यांचा हात दिसत होता. मी म्हटले, "पुस्तकातून उतरवून घ्या." असे तीन आठवडे चालले. मुले उतरवत होती, मी खिडकीतून बाहेर बघत होते.

तक्रार गेली. विभागप्रमुखांनी बोलावले. म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून तुम्ही प्रकाश शिकवा. भिंग, आरसे. जिवाला धोका नाही." त्यांनी हे चांगुलपणाने म्हटले की टोमणा मारला, मला आजही ठरवता येत नाही. मी मान डोलावली.

घरी येऊन ह्यांना सांगितले. ह्यांनी सारे ऐकून घेतले. मग म्हणाले, "मला वर्गात ने."

"अहो, तिथे येऊन तुम्ही काय करणार?"

"बघू. ती तांब्याची नळी घे. आणि तो नवा चुंबक."

नळी ह्यांनीच माझ्यासाठी एका पाडलेल्या इमारतीच्या सामानातून शोधून आणली होती, छातीपर्यंत येईल एवढी. चुंबक मी त्याच वर्षी स्वतःच्या पैशाने मागवला होता, सुपारीएवढा, पण जुन्यापेक्षा भलताच जोरकस.

दुसऱ्या दिवशी हे इस्त्रीचा सदरा घालून वर्गात आले. डावी बाही कोपरापाशी दुमडून टाचली होती. मागच्या दारातून विभागप्रमुखही येऊन बसले. हे म्हणाले, "मी तुमच्या बाईंचा नवरा. शिकलेला नाही. पण तुम्ही ज्याच्याबद्दल लिहून घेताय, ते माझ्या अंगातून गेलंय. विचारा काय विचारायचं ते."

शेवटी मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "काका, दुखलं का?"

"दुखायच्या आधीच मी खाली होतो. नंतर दुखलं. अजून कधीकधी बोटं दुखतात, जी नाहीतच ती." मग ते म्हणाले, "मला तिचा राग नाही. वीज खोटं बोलत नाही. माणसानं खोटं सांगितलं होतं. आता बाई तुम्हाला एक गंमत दाखवतील. नळी मी धरतो. सोडायचं त्यांनी."

त्यांना एकच हात होता. दोन्ही कामे त्यांना एकट्याने करता येणार नव्हती. मला पुढे व्हावेच लागले.

मी आधी चुंबक नळीला बाहेरून लावून दाखवला. चिकटला नाही, कारण तांब्याला चुंबक ओढत नाही. मग त्याच मापाचा लोखंडी तुकडा नळीत सोडला. हात काढेपर्यंत तो खाली टक्कन वाजला. मग चुंबक सोडला.

वाजला नाही. मुले नकळत मोजू लागली. एक, दोन, तीन. पाचला कोणीतरी म्हणाले, अडकला. आठला तो खालून बाहेर आला, सावकाश, जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्या माणसासारखा.

मी बोलू लागले. पडता चुंबक नळीत वीज जन्माला घालतो, ती वीज नळीचाच चुंबक करते, आणि तो नवा चुंबक पडणाऱ्याला सावरून धरतो. जितक्या वेगाने पडू जाल, तितके घट्ट धरतो. तीन आठवड्यांत न निघालेले शब्द एकामागून एक निघत होते, मला कळतही नव्हते. तेवढ्यात हे मध्येच म्हणाले, "अगं, थांब. पुन्हा सोड."

मी सोडला. त्यांनी डोळे मिटले.

"आत्ता नळी जड झाली," ते म्हणाले. "तो कुठंही टेकलेला नाही ना? मग त्याचं वजन माझ्या हाताला कसं लागतंय?"

अकरा वर्षे मी ते प्रकरण शिकवत होते. नळी नेहमी लाकडी चिमट्यात अडकवून. तिच्यावर भार येत असणार हे सूत्रांत होतेच, नळी त्याला वर धरते तर तो नळीला खाली दाबणारच, पण ते मी कधी कोणाला सांगितले नव्हते, कारण मला ते कधी जाणवलेच नव्हते. मी त्यांच्या हातातून नळी घेतली. त्यांनी चुंबक सोडला. कुठेही न टेकलेली वस्तू माझ्या मनगटावर भार देत खाली उतरत गेली. माझ्या अंगावर काटा आला, तो मुलांना पहिल्या बाकावरून दिसला असे ती नंतर सांगत.

मग एकेका मुलाने नळी हातात घेतली. तास संपल्याची घंटा झाली तरी रांग हलली नाही. रांगेत सगळ्यात शेवटी विभागप्रमुख होते. त्यांनी नळी धरली, चुंबक पार उतरू दिला, नळी परत केली आणि गेले. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर चिठ्ठी होती: वेळापत्रकात बदल नाही. माझ्या गोपनीय अहवालात "आवाज हळू" असे नऊ वर्षे लिहिल्याबद्दल माझा त्यांच्यावर राग होता. त्या चिठ्ठीपोटी मी त्यातली आठ वर्षे माफ केली. एक ठेवली आहे.

मागच्या बाकावरची ती मुलगी आता स्वतः पदार्थविज्ञान शिकवते. होकायंत्रे, वेटोळी, तांब्याची नळी आणि चुंबक, सर्व तिला मिळावे. अटी पुढीलप्रमाणे. सुई वळलेली प्रत्येकाने पाहिल्याशिवाय फळ्यावर सूत्र लिहू नये. नळी चिमट्यात अडकवू नये. कोणी टेबलाखाली वाकून पाहिले तर हसू नये. आणि "हे असे का होते" याचे उत्तर देऊन झाल्यावर, उत्तर कुठे संपते तेही मुलांना सांगावे. वस्तू एकमेकींना न शिवता एकमेकींवर जोर लावतात, त्याला आपण क्षेत्र म्हणतो. नाव दिले म्हणजे कळले असे नाही. मला ते मोजता येते, त्याचे नकाशे काढता येतात, आणि त्याच्यासमोर मी आजही त्या पहिल्या दिवसाइतकीच स्तब्ध होते. हे मुलांपासून लपवू नये.

कलम ६. माझ्या शेवटच्या आजाराविषयी. हे कलम लेकीसाठी.

चार वर्षांपूर्वी तुझे बाबा गेले, त्याच्या आदल्या सकाळी तू औषधे आणायला खाली गेली होतीस. त्यांच्या छातीला तारा चिकटवल्या होत्या आणि उशाशी पडद्यावर हिरवी रेघ उड्या मारत होती. त्यांनी विचारले, "ती रेघ कसली?"

मी म्हटले, "तुमच्या हृदयातून वीज निघते, ती."

"थट्टा करतेस."

"नाही हो. प्रत्येक ठोक्याआधी निघते. ती गेली की मग ठोका पडतो. व्होल्टचा हजारावा भाग असेल नसेल, पण कातडीवर मोजता येते."

त्यांनी पडद्याकडे पाहिले. कितीतरी वेळ पाहिले. "म्हणजे जन्मभर आतली लाईन चालूच होती," ते म्हणाले. "आणि हे तू मला आत्ता सांगतेस?"

मी एकतीस वर्षे वीज शिकवली. बेचाळीस वर्षे त्यांच्या छातीवर डोके टेकून ठोके ऐकले. या दोन गोष्टी एकच आहेत हे मला पुस्तकातून ठाऊक होते, पण त्या सकाळपर्यंत माझ्या मनात आले नव्हते.

म्हणून सांगते. माझी वेळ आली की मला यंत्रांवर ताणून ठेवू नये. पण तारा लावल्या असतील तर तू त्या पडद्याकडे एकदा नीट बघ. लहानपणापासून तू माझ्या विषयाला नाक मुरडत आलीस, मी कधी जबरदस्ती केली नाही. हा एकच तास घेते. तुझ्या हृदयातली वीज पहिल्यांदा चालू झाली तेव्हा तू माझ्या पोटात होतीस, वाटाण्याएवढी. मी त्या वेळी बहुधा वर्गात उभी असेन, खडू हातात घेऊन, आणि मला काही कळले नाही. कोणी खटका दाबला नाही. तारा जोडल्या नाहीत. ती कशी वाहते ते मी तुला तासभर समजावून सांगू शकेन. ती चालू कशी झाली ते मला सांगता येत नाही. हे तुला माझ्याकडूनच कळावे, म्हणून लिहून ठेवले.

येणेप्रमाणे सहा कलमांचे हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, खाडाखोड न करता पुरे केले.

सही: लिहून ठेवणार, निवृत्त अध्यापिका

आम्ही दोघांनी त्यांना सही करताना पाहिले आणि त्यांच्यासमोर आमच्या सह्या केल्या. यातले काहीही आम्हाला मिळणार नाही, हे आम्हाला ठाऊक आहे.

साक्षीदार पहिली: तळमजल्यावरची शिंपीण. (सारे वाचून दाखवल्यावरच सही केली. कलम सहा दोनदा वाचायला लावले.)

साक्षीदार दुसरे: डॉक्टर, दाखला देणारे.

ठिकाण: राहते घर, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: ११ ऑक्टोबर २०२२, मंगळवार, सकाळचे साडेदहा