क्वांटमचा राहिलेला पेपर

प्रिय जागू,

सप्रेम जयभीम. फोन हातात असताना दादाला पत्र लिहायची काय हौस आली, म्हणून हसशील. हस, पण शेवटपर्यंत वाच. सकाळपासून दोनदा तुला फोन लावला. तू "बोल दादा" म्हणालीस आणि मी "काय नाय गं, सहज" म्हणून ठेवून दिला. तुझा आवाज ऐकला की हल्ली माझी जीभ वळत नाही. आपल्या गावचा नवनाथ भाजीचा टेंपो घेऊन मुंबईला निघालाय, त्याच्याच हाती हे तुझ्या हॉस्टेलवर पाठवतोय.

बाबांना तुझ्या अभ्यासाचं केवढं वेड, ते तुला सांगायला नको. तू घरी कशेळ्याला आलीस की ते माथेरानच्या हॉटेलातून सुट्टी काढून यायचे आणि चपला काढायच्या आधी विचारायचे, "नवीन काय शिकलीस गं?" दिवाळीत तू सांगत होतीस, एवढासा कण अंगात जोर नसतानाही भिंतीच्या पलीकडे निघून जातो, भिंतीला भोक न पाडता. बाबा लगेच म्हणाले, "आमच्या भटारखान्यातलं काजू बी असंच जातं. मालक उगाच माज्यावर डाफरतो!" आई भाकरी थापायची सोडून हसत बसली होती. पुढे ती भिंत बाबांनी सगळ्या हॉटेलाला ऐकवली. त्यांच्या जोडीचा गजा म्हणतो, दामूकाका आमटीत मीठ टाकायला विसरतील, पण पोरीचं गणित सांगायला नाही.

तुझा क्वांटम मेकॅनिक्सचा पेपर राहिला तो माझ्या लग्नापायी. परीक्षा तोंडावर असताना आम्ही तुला हळदीला बोलावून घेतलं आणि पुस्तक उघडायच्या दिवसांत तू पाहुण्यांना ताटं वाढत फिरलीस. तू चकार शब्द काढला नाहीस. बाबा मात्र मला म्हणाले होते, "पोरीच्या पेपरात परत आपला पाय नको." या सत्राचे बाकी पेपर झाले, तोच राहिलेला पेपर उद्या आहे. तो निघाला तर तुझं एम.एस्सी. पुरं होईल आणि पीएच.डी.ची जागा मिळेल. नाही तर ती जागा दुसऱ्या कुणाला जाईल, हे मला माहीत आहे. म्हणून तर एवढं सगळं केलं.

आता खरं सांगतो. बाबा हॉटेलात नाहीत, कर्जतला दवाखान्यात आहेत. या परीक्षेत तू पहिल्या पेपरला गेलीस त्याच सकाळी त्यांना लकव्याचा झटका आला. वर माथेरानात मोटार जात नाही, म्हणून हातरिक्षात घालून दस्तुरीच्या मोटारतळापर्यंत आणलं. उजवं अंग गेलंय. शुद्धीवर आल्यावर वाकड्या तोंडाने पहिलं हेच बोलले, "जागूला सांगू नका, पेपर हाय." आईने मला गळ्याची शपथ घातली. तेव्हापासून मी तुझ्याशी खोटं बोलतोय. बाबा कामावर आहेत, सीझन आहे, वर रेंज मिळत नाही. व्हिडिओ कॉलवर मागची सलाइन दिसू नये म्हणून मी भिंतीला चिकटून बसायचो. तू विचारलंस, "घराला रंग दिला का रे?" मी म्हणालो, "हो, पांढरा दिला." तू केवढी खूश झालीस! तुझ्या मेघावहिनीने डबा पुढे ठेवला, तो मी तसाच परत दिला. तिने तेव्हाच बजावलं होतं, "तिला कळल्यावर तुमाला माफ नाय करायची." मी तिच्यावरच ओरडलो. तुझं भलं करतोय असं मला वाटत होतं. आता स्वतःचीच लाज वाटते गं.

काल त्यांना दुसरा झटका आला. जवळच्या माणसांना बोलावून घ्या, असं डॉक्टर म्हणाले. आई अजून म्हणते, "उद्याचा पेपर होऊ दे रं, बापाचाच शबुद हाय." पण आज बाबांनी डोळे उघडले ते पेपरचं नाव न काढता. नुसतं विचारलं, "जागू आली?" म्हणून आईची शपथ मोडून हे लिहितोय. पेपर द्यायचा की यायचं, ते तुझं तू ठरव. ते ठरवायचा हक्क आम्ही तुला न विचारता घेतला होता. पेपर दिलास तरी तुला कुणी बोल लावणार नाही, मी लावू देणार नाही. तू काय ते सांगेपर्यंत नवनाथ खाली थांबेल. पण एक गोष्ट लपवली तर परत खोटाच ठरेन. बाबांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "निघालीय." तेव्हापासून ते दाराकडे तोंड करून पडलेत, कूस बदलू देत नाहीत. जागू, इतकं खोटं बोललो, त्यातलं हे एवढं तरी तू खरं कर.

तुझाच, तुझ्यापुढे मान खाली घातलेला,
मिलिंददादा