इंजिनाजवळचा माईक

तारकर्ली, १२ नोव्हेंबर २००६, संध्याकाळ

बाबांचं गाऱ्हाणं आज एकदाचं इंजिनाच्या धडधडीतून सुटलं. नवी होडी पाण्यात लोटताना त्यांनी देवाला घातलेलं. तेव्हा ते रेकॉर्ड करायला मी दोन माईक लावले होते, एक त्यांच्यापाशी, एक इंजिनाजवळ. दुसऱ्यात जे ऐकू येईल ते पहिल्यातून वजा करायचं, हे फिल्टरचं काम. झटपट जुळवून घेणारा चपळ फिल्टर बाबांचे शब्दही ओरबाडायचा. संथ फिल्टर इंजिनाचा वेग बदलला की मागे पडायचा. शेवटी दोघांना जोडलं. ज्या क्षणी ज्याची चूक कमी, त्याला जास्त वजन. जमलं! अर्धांगात बाबांची वाचा गेल्यापासून घरात तो आवाज आज प्रथमच.

पण बाबांच्या कपाळाला आठी. आईच म्हणाली, "अगो, 'व्हय म्हाराजा' म्हणणारी माणसां खंय गेली?"

खरंच की. प्रत्येक मागण्यानंतर नुसती शांतता. ती सगळी माणसं इंजिनाजवळ उभी होती! फिल्टरने त्यांनाही गोंगाटात धरलं. आणि तिथे माईक ठेवला कोणी? मीच.

मूळ रेकॉर्डिंग लावलं. धडधडीत बाबांचे शब्द नीट कळेनात, पण पाठोपाठ सगळ्यांचं "व्हय म्हाराजा!" आलं, आणि बाबांनी चांगल्या हाताने लुळा हात उचलून जोडला.