डिफॉल्ट सर, मुक्काम नेकनूर

३ डिसेंबर
आजपासून नियमित लिहायचं. विषय गंभीर आहे. मोबाईलवरच्या लढाईच्या गेममध्ये मी अजून पहिल्या दिवशी मिळालेलाच बाहुला वापरतो. टक्कल, पांढरा बनियन, खाकी पँट. डिफॉल्ट. माझे कॉलेजचे विद्यार्थी पंख, शिंगं लावून उतरतात आणि सगळ्यात आधी मलाच मारतात. साधेपणा लोकांना सहन होत नाही.
(शिंगं पाचव्या लेव्हलला फुकट मिळतात म्हणे. मी दुसऱ्या लेव्हलवर आहे. पण तो मुद्दा नाही.)

७ डिसेंबर
थक्क! स्टँडवर आसारामच्या हॉटेलात एकानं "दोन डिफॉल्ट" अशी ऑर्डर दिली. म्हणजे आलं नाही, विलायची नाही, नुसता चहा. सलूनमध्येही "डिफॉल्ट कटिंग" चालू आहे. गेममधला एक बाहुला नेकनूरच्या भाषेत घुसला आणि मी त्याचा साक्षीदार! कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी लेख लिहितो: 'डिफॉल्ट अवताराचा सांस्कृतिक प्रभाव'. आठवडाभरात पूर्ण.

१५ डिसेंबर
लेखाचं शीर्षक झालं. ठळक अक्षरात. पुढचं सुचत नाही, कारण आई सारखी लग्नाचं बोलते. जालिंदरमामानं आष्टीचं स्थळ आणलंय. माया नाव, नर्स आहे. फोटो बघितला. पुन्हा बघितला. आईला म्हणालो, "तुला वाटंल तसं."

१९ डिसेंबर
डोकं फिरलंय. मायाचे काका चौकशीला आले आणि आमच्या घराआधी आसारामच्या हॉटेलात बसले. आसाराम त्यांना म्हणाला म्हणे, "कोण, डिफॉल्ट सर? माणूस लई गरीब. कुणाला तरास न्हाई."
जाब विचारायला गेलो तर तोच मला म्हणतो, "सर, चिडता कावून? आख्खा शब्द तुमच्यावरूनच पडलाय. चहा कसा देऊ इचारलं की तुमी म्हणता, दे कसाबी. मग तसल्या चहाला पोरं डिफॉल्ट म्हणायला लागली."
शांतपणे विचार केल्यावर लक्षात आलं, या प्रवाहाचा उगमच मी आहे. लेखात माझ्यावर वेगळा भाग घालावा लागेल.
तरी जेवण गेलं नाही. गॅस असेल.

२८ डिसेंबर
आष्टीला जाऊन आलो. जय भीम झाले, पोहे झाले, मग आम्हा दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं. मायानं पहिलंच विचारलं, ते डिफॉल्ट म्हणजे काय. मी मुद्देसूद सांगितलं. उगम, प्रसार, चहा, कटिंग. तिनं मन लावून ऐकलं. मध्येच हसलीसुद्धा. हसली की एका गालाला खळी पडते. फोटोत दिसत नव्हती.
मग एकदम म्हणाली, "ते राहू द्या. मी तुम्हाला पसंत आहे का?"
पसंत होती. फार. तोंडातून निघालं, "आई म्हणेल तसं."
ती "बरं" म्हणाली आणि कपबशा उचलून खाली गेली.
संस्कारी उत्तर होतं. होकार नक्की.

२ जानेवारी
फोन नाही. आष्टीकडं नेटवर्कचा प्रॉब्लेम असणार.
गेममध्ये उतरल्या उतरल्या कुणीतरी मारलं. लेख जागेवरच.

६ जानेवारी
मामाचा फोन. नकार.
माया म्हणाली म्हणे, "माणसात खोट न्हाई. पण मला त्यांनी पसंत केलं का त्यांच्या आईनं, तेच कळलं न्हाई." वर मामा माझ्यावरच खेकसला, "नुसतं हो म्हणायला काय झालं होतं रं तुला?"
चूक सगळी आईची आहे. तिनं मला कधी काही निवडू दिलं नाही. शर्ट तिच्या पसंतीचा, नोकरी मामानं बघितलेली. आज तोंडावर सुनावलं. आई भाकरी थापत होती. थांबली. म्हणाली, "म्या कवा अडवलं रं? दर बारीला इचारलं. तूच म्हणतो, तुला वाटंल तसं."
वाद वाढवण्यात अर्थ नव्हता.

७ जानेवारी
निर्णय! आजपासून वेगळा माणूस. सुरुवात गेमपासून. आज एक दिवस सगळ्या लेव्हलना कुठलाही पोशाख फुकट आहे. काळा कोट, सोनेरी चिलखत, वाघाचा मुखवटा. दुपारपासून बघतोय. एकावर बोट नेलं की दुसरा बरा वाटतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी
ऑफर संपत आली. शेवटी आईला विचारलं. ती म्हणाली, "तुझं तू बघ आता." असं ती कधीच म्हणत नाही. हातापाया पडलो. मग तिनं चष्मा लावला, स्क्रीन खालीवर केली आणि एक गुलाबी झबलं दाबलं. सशाच्या कानांसकट. म्हणाली, "हे उठून दिसतंय."
मला अजिबात आवडलं नाही.
"चालंल," म्हणालो.